वडूजला गेलेली जाई

“ती हिरवी कढीपत्त्याला घाल. जास्वंदीला लाल चालंल,” आक्का म्हणाली.

मी हातातल्या बांगड्यांकडं आणि समोरच्या कढीपत्त्याकडं बघत उभी राहिले. परसात वैशाखाचं ऊन रणरणत होतं. तेलाच्या डब्यांत, फुटक्या घागरींत, बांगड्यांच्या लाकडी खोक्यांत लावलेली सगळी झाडं भिंतीच्या सावलीला ओळीनं मांडून ठेवलेली होती. आणि सत्तरीला टेकलेली आमची आक्का पदर खोचून एकेका झाडाच्या फांदीत काचेची बांगडी अडकवत होती.

“आक्का, झाडं पाठवायचीत की वऱ्हाड निघालंय?”

“सासरी चाललीत. कासाराच्या घरची लेक रिकाम्या हातानं सासरी जात न्हाई. तुला घातला न्हवता का तुझ्या बापानं चुडा? पार कोपरापातूर घातला. मग ह्यांनीच काय घोडं मारलंय?”

मी कढीपत्त्याला हिरवी बांगडी घातली.

आम्ही कासार. कराडच्या पेठेत पुढं बांगड्यांचं दुकान, मागं राहतं घर आणि त्याच्यामागं परस. दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, आणि परस आक्काचं. आक्का अण्णांची थोरली बहीण, पण घरात लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणायचे. लग्न होऊन ती वडूजला गेली आणि वर्षाच्या आत नवरा तापानं गेला म्हणून परत आली, ती कायमची. दुकानात बसून तिनं जन्मभर बांगड्यांचे जोड लावले, दोरे ओवले, पण तिचे स्वतःचे हात मी कायम मोकळे बघितले. लहानपणी मला वाटायचं, हलवायाला पेढ्यांचा कंटाळा येतो तसा आक्काला बांगड्यांचा आला असेल.

अण्णांचा हात मात्र असा, की गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी कधी चढली ते तिलासुद्धा कळायचं नाही. जुन्या उतरवताना ते एक तरी हातात राहू द्यायचे आणि नवी चढली की मगच ती काढायचे. बाईचा हात घटकाभरसुद्धा रिकामा करू नये, असं ते म्हणायचे. त्यांच्या शेजारीच आक्का जोड लावत बसलेली असायची, आणि या दोन गोष्टी एका दुकानात कशा नांदतात, असा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नाही.

त्या वर्षी घर विकलं. अण्णांचे गुडघे गेले होते, मांडी घालून दुकानात बसवत नव्हतं. चिंचवडला मोहनदादाचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. पाडव्याला तो आला आणि म्हणाला, “आई-अण्णांना मी घेऊन जातो.” मग म्हणाला, “आक्काचं बघू आपण काहीतरी.” आणि कपातला चहा संपलेला असतानाही तो कप तोंडाला लावून बसला.

ते काहीतरी अजून कुणीच बघितलं नव्हतं. झाडांचं मात्र पटापट ठरलं. कढीपत्ता शिंपिणीकडं, जास्वंद गणपतीच्या देवळात, अनंत डॉक्टरीणबाईंकडं, मरव्याची आणि मोगऱ्याची कुंडी चिंचवडच्या गॅलरीत. पेठेतल्या बायका येऊन आपापलं झाड बघून, हात लावून गेल्या होत्या. आक्का प्रत्येकीला झाडाची खोड सांगायची. कुणाला सकाळचं ऊन लागतं, कुणाला दुपारचं सोसत नाही. आक्का कुठं जाणार, हे कुणी विचारलं नाही. घर सोडायला दोन दिवस उरले होते, आवराआवरीला मी साताऱ्याहून आले होते.

आदल्या संध्याकाळी मी तिला म्हणाले होते, “आक्का, माझ्याकडं चल.”

“कुठं ठिवशील? सासू तुझी खाटंवर, दिराचा अभ्यास सैपाकघरात. मला काय फळीवर मांडतीस डब्यासारखी?”

“होईल काहीतरी.”

“असं काहीतरी करून करून माणूस नकोसं होतं, शैले,” ती म्हणाली आणि झाडांना पाणी घालायला उठली.

झाडं बांधायची तिची रीत कासाराची होती. बांगड्यांच्या खोक्यांतला पेंढा तिनं वर्षभर साठवला होता. खाली पेंढा, वर डबे, दोन डब्यांच्या फटीत पुन्हा दाबून पेंढा, म्हणजे गाडीत एकमेकांवर आपटायला नकोत. डब्यांच्या बुडाशी खापऱ्यांच्या जागी फुटक्या बांगड्यांच्या काचा असायच्या, पाणी निथळायला. आमच्या घरात काचांना तोटा नव्हता.

“ही काय झाडं हलवायची वेळ हाय?” ती पुटपुटत होती. “पावसाळा असता तर माती तरी धरून राहिली असती. मुळाची माती सुटली की झाड घाबरतंय.”

मागच्या भिंतीवर जाई पसरली होती. माझ्या आठवणीच्या आधीपासून ती तिथं होती. नवा मालक ती भिंतच पाडणार होता. शेजारच्या चंद्रकलाकाकूंनी दोनदा ती मागितली आणि आक्कानं दोन्ही वेळा सरळ सांगितलं की ती द्यायची नाही. मला वाटलं, म्हातारीला भिंतीबरोबर ती पडलेली बघायचीय की काय. सगळे डबे बांधून झाल्यावर आक्का विळा घेऊन त्या भिंतीपाशी गेली आणि खाली बसली.

तिच्या मागं जाऊन बघितलं, तर जाईची एक फांदी खाली वाकवून एका डब्यातल्या मातीत दाबलेली होती, वर विटेचा तुकडा. मातीच्या पलीकडून फांदीचा शेंडा वर निघाला होता आणि त्याला कोवळी पानं होती. आक्कानं वीट काढली, शेंडा हलकेच ओढून बघितला. हलला नाही.

“धरलं,” ती म्हणाली, आणि मूळ वेलाकडची बाजू विळ्यानं कापली.

मला झाडांतलं फार कळत नाही, पण एवढं कळत होतं की दाबलेली फांदी चार दिवसांत मूळ धरत नाही. “कधी दाबली होतीस ही?”

“शिमग्याच्या आधी.”

“शिमग्याच्या आधी? तेव्हा तर घर विकायचं कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. दादा पाडव्याला आला.”

“तुझ्या बापाच्या मनात होतं,” आक्का डब्यावरची माती दाबत म्हणाली. “एकू जेवताना बोलायचा थांबला की मला कळतं. लहानपणापास्नं कळतं.”

एकनाथ हे अण्णांचं नाव. एकू म्हणणारं माणूस जगात तेवढं एकच उरलं होतं.

“मग ही कुणाला द्यायची?”

“कुणाला न्हाई. माझ्यासंगं येणार.”

“कुठं?”

“वडूजला.” तिनं विळा पुसून बाजूला ठेवला. “दिनकर बटाटं घिऊन आलाय मार्केटला. दुपारी रिकामी गाडी परत निघंल. त्याला सांगून ठिवलंय मीच, मागंच. त्याची बायको शाळंत जाती, पोर लहान हाय. घरात माणूस पायजे त्यास्नी.”

दिनकर म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. महिन्या-दोन महिन्यांतून बाजाराला आला की दुकानात डोकावून काकूच्या पाया पडून जायचा. एवढ्याच धाग्यावर ती बाई पन्नास वर्षांनी सासरी निघाली होती. मला एकदम रडायला आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते कळेना.

“अण्णांना माहीत आहे?”

“त्याला आधी कशाला सांगायचं? तो मला जा म्हणणार न्हाई, आणि चल म्हणायला त्याचं घर न्हाई. अडकलाय मधी. बांगडी सांध्यावर अडकली, की जोर करून काय हुतंय? फुटती. तवा हात सैल सोडायचा असतोय. मी सोडला, झालं.”

ती उठली, गुडघ्यावर हात टेकून. मग भिंतीवरच्या त्या मोठ्या वेलाकडं बघत राहिली.

“वडूजच्या हिरीवर जाई हाय. येताना तिची फांदी पदरात बांधून आणली हुती, तीच ही. बाकी समदं तिथंच ठिवलं.” वेलाचं एक वाळकं पान खुडत म्हणाली, “त्याच हिरीवर माझ्या बांगड्या फोडल्या. मला आणायला बाप आलेला, संगं एकू. एवढासा हुता. बघत उभा हुता बिचारा. तवापास्नं ह्यानं माझ्या हाताकडं कधी बघितलं न्हाई, बघ. तोंडाकडं बघून बोलतो, पण हाताकडं न्हाई.”

खरं होतं ते. आत्ता ती म्हणाली तेव्हा मला आठवायला लागलं. तिच्या हातून चहाचा कप घेताना अण्णा खाली, फरशीकडं बघायचे.

दिनकर जेवणवेळ टळून गेल्यावर आला. टेंपोला मातीचा आणि बटाट्याचा वास येत होता. “काकू, आवरलं का?” त्यानं दारातून विचारलं, आणि घरातल्या सगळ्यांना ते अशा रीतीनं कळलं.

आई पदर डोळ्यांना लावून भिंतीला टेकली. “आक्का, असं का वं? आम्ही काय तुम्हाला टाकून जाणार हुतो?” तिचं रडणं खोटं नव्हतं. पण तिची सुटका झाली होती, आणि सुटका झाल्याची तिला लाज वाटत होती, हेही तिच्या तोंडावर दिसत होतं. आक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “मरव्याला रोज पाणी घालू नगंस. कुजतोय,” एवढंच म्हणाली.

अण्णा उठून पुढं दुकानात गेले. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, एका कोपऱ्यात न विकलेल्या मालाचं एक खोकं तेवढं राहिलं होतं. मी आक्काची ट्रंक उचलली. आक्कानं जाईचा डबा काखेत घेतला. रस्त्याला जायची वाट दुकानातूनच होती.

“आक्का, बस,” अण्णा म्हणाले.

गिऱ्हाइकाच्या पाटासमोर ते स्टुलावर बसले होते. पुढ्यात पाण्याचा तांब्या, साबणाची वडी आणि खोक्यातून काढलेल्या हिरव्या बांगड्या.

“गाडी थांबलीय, एकू.”

“थांबू दे. बस म्हणतो न्हवं.”

आक्कानं डबा खाली ठेवला आणि ती पाटावर बसली. अण्णांनी हात पुढं केला. तिनं दिला नाही. मग त्यांनीच तो तिच्या मांडीवरून उचलला आणि त्याच्याकडं बघितलं. पंजा दाबून, अंगठा आत वळवून त्यांनी नेहमीसारखा अंदाज घेतला.

“सव्वादोनचं माप,” ते म्हणाले.

आई पुढं झाली. “अहो, काय करताय? तिथं लोकं काय म्हणतील त्यांना?”

“कासाराच्या घरची लेक रिकाम्या हातानं सासरी जात न्हाई,” अण्णा म्हणाले. परसातलं आमचं सकाळचं बोलणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ते घरातलंच वाक्य होतं. माझ्या लग्नात म्हटलेलं, आणि त्याआधी कधीतरी त्यांच्या वडलांनी आक्काच्या लग्नात म्हटलेलं.

“वेडा का खुळा तू,” आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हात मातीनं ताठल्यात माझं. फुटतील.”

“माझ्या हातनं फुटत न्हाईत.”

त्यांनी तिच्या हाताला साबण लावला. नखांतली माती फेसात उतरली. पहिली बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडकली. अण्णा थांबले, श्वास घेतला. आक्कानं डोळे मिटून हात सैल सोडला आणि बांगडी आत गेली. मग दुसरी. मग दुसऱ्या हातात दोन. एकही फुटली नाही. बाहेर दिनकर टेंपोला टेकून उभा होता, तो मान वळवून रस्त्याकडं बघायला लागला.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते, ती कितीही मोठी असली तरी. आक्का सवयीनं वाकायला गेली. अण्णांनी तिला वाकू दिलं नाही. तांब्या सरकवून, भिंतीचा आधार घेऊन ते त्या गेलेल्या गुडघ्यांवर खाली बसले आणि त्यांनी तिच्या पावलांवर डोकं ठेवलं.

“मला चल म्हणता आलं न्हाई, आक्का.”

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “ऊठ. पोराला उन्हात ताटकळत ठिवलंय.”

टेंपोत पुढं, दिनकरच्या शेजारी ती बसली. मांडीवर जाईचा डबा होता आणि दोन्ही हातांवरून पदर ओढून घेतला होता. गाडी पेठेच्या वळणाला गेली तोवर अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. नंतर कितीतरी वेळ उभेच होते.

दिवाळीला मी वडूजला गेले. आक्का दिनकरच्या पोराला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. घरातली माणसं तिला जपत होती, हे बघून बरं वाटलं. विहिरीजवळ मोठ्या कुंडीत जाई लावली होती, तिला नवी पालवी फुटली होती. तिथली जुनी जाई केव्हाच वाळून गेली होती म्हणे. आणि आक्काचे हात मोकळे होते. मी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. सासरच्या गावात पांढऱ्या कपाळाच्या बाईनं हिरव्या बांगड्या घालून वावरायचं, हे तिला कसं जमावं?

त्या रात्री मी साताऱ्याला परतल्यावर चिंचवडहून अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हातात आहेत का?”

“आहेत,” मी म्हणाले.

“चारी?”

“चारी.”

पुढं दर वेळी ते विचारायचे आणि दर वेळी मी तेच सांगायचे. त्यांना स्वतःला वडूजला जाणं कधी झालं नाही. चिंचवडच्या गॅलरीतला मरवा पहिल्याच पावसाळ्यात कुजला. मोगरा जगला, पण फुलायचा नाही.

आम्ही साताऱ्याला छोटं घर बांधलं, पुढं थोडी जागा सोडून. मी आक्काला आणायला गेले. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “तवा बोलावलंस, त्यातच सगळं आलं. आता पुन्हा हलवू नगंस मला. दिनकरचं पोरगं माझ्याबिगर जेवत न्हाई.” मी हट्ट धरला नाही. आई गेल्यावर अण्णा माझ्याकडं राहायला आले, आणि त्याच्या पुढच्या थंडीत आक्का गेली. झोपेतच गेली.

तेरावं झाल्यावर दिनकर साताऱ्याला आला. टेंपोतून त्यानं ती मोठी कुंडी उतरवली. वेल वरून छाटलेला होता.

“काकूंचं सांगणं होतं, जाई माहेरी पोचती कर म्हणून,” तो म्हणाला. “कराडचं घर तर राहिलं न्हाई. मग म्हटलं, एकूमामा जिथं असतील तिथंच न्यावी.” हे नाव त्यानं तिच्याच तोंडून ऐकलेलं असणार. अण्णांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात खड्डा घेतला. अण्णा ओट्यावर खुर्चीत बसून बघत होते. कुंडीतून झाड निघेना, म्हणून कुंडी फोडली आणि बोटांनी माती सैल करायला लागले. बुंध्याशी काहीतरी चमकलं. निथळायला टाकलेल्या काचा वर आल्या असतील, असं वाटलं. हात कापू नये म्हणून पाणी ओतलं, माती धुऊन गेली.

काचा नव्हत्या. अख्ख्या बांगड्या होत्या. चार, हिरव्या, एकीला साधा तडासुद्धा नाही. कासाराचीच लेक ती, न फोडता उतरवणं तिला येत होतं. उतरवून तिनं त्या कोवळ्या जाईच्या शेंड्यावरून घातल्या होत्या आणि खाली बुंध्याशी मातीत झाकल्या होत्या. इतक्या वर्षांत बुंधा जाड झाला होता, त्याला फुटवे आले होते, आणि बांगड्या आता त्याच्यावर घट्ट बसल्या होत्या.

मी म्हणाले, “अण्णा, काढून ठेवू का? तुमच्याजवळ राहतील. हा एक फुटवा तोडला तर निघतील.”

अण्णा भिंतीला धरून ओट्यावरून उतरले. माझ्या शेजारी बसायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी तो ओला बुंधा हातात घेतला, पंजा दाबून अंदाज घ्यायचे तसा दाबला, आणि त्या चारही बांगड्यांवरून अंगठा फिरवला.

“नको,” ते म्हणाले. “हात रिकामा करू नये.”

मी खड्ड्यात माती लोटायला लागले. माती वरपर्यंत येईतोवर त्यांनी जाईला सरळ धरून ठेवलं होतं.